रिकामं बसलेलं ग्राफिक्स कार्ड

स्क्रीनवर फिक्स्चर अर्धं वळलं आणि तिथंच थांबलं.

मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं होतो. ग्राहक कंपनीचे इंजिनिअर तिवारी, आमच्या टूलरूमचे मालक काकडे साहेब, डिझायनर प्रज्ञा साळवे आणि मी. प्रज्ञाने माऊस फिरवून हात थांबवलासुद्धा होता, पण मॉडेल हलायला तयार नव्हतं. मग एकदम उडी मारून भलत्याच बाजूला गेलं.

"मॅडम, क्लॅम्प के नीचे से दिखाइए," तिवारी म्हणाले.

"हो सर, एक मिनिट."

त्या एका मिनिटात तिवारींनी मोबाईल काढला, दोन मेसेजना उत्तरं दिली आणि मोबाईल परत खिशात ठेवला. मॉडेल अजून वळत होतं. काकडे साहेब स्क्रीनकडे बघतच नव्हते, ते माझ्याकडे बघत होते.

"ऐसा करते हैं, अगले हफ्ते फिर बैठते हैं," तिवारी उठत म्हणाले. "तब तक आप लोग तैयारी कर लीजिए."

तयारी झालेली होती. डिझाइन पूर्ण होतं. ते फक्त दाखवता येत नव्हतं.

वाळूजच्या एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये मी डिझाइन विभाग सांभाळतो. आम्ही वेल्डिंग फिक्स्चर बनवतो. फिक्स्चर म्हणजे वेल्डिंग करताना पत्र्याचे तुकडे जागच्या जागी घट्ट धरून ठेवणारा सांगाडा. त्यात शेकडो भाग असतात: पट्ट्या, पिना, पत्रा दाबून धरणारे क्लॅम्प, सिलिंडर. लोखंड कापायच्या आधी हे सगळं कॉम्प्युटरवर उभं करायचं आणि ग्राहकासमोर बसून चहूबाजूंनी फिरवून दाखवायचं. ग्राहक म्हणतो इथून दाखवा, तिथून दाखवा, वेल्डिंगची गन इथं शिरते का बघा. त्याने होकार दिला की काम शॉपवर, म्हणजे मशिनांकडे, जातं. काही चुकलेलं नजरेतून सुटलं, तर कापलेलं लोखंड भंगारात जातं. म्हणून ते फिरवून दाखवणं ही शोभेची गोष्ट नसते. सगळं काम त्याच्यावरच अडलेलं असतं.

तिवारींची गाडी गेटबाहेर पडली आणि काकडे साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब स्वतः लेथवर काम करून वर आलेले. बोलायला सुरुवात करताना प्रस्तावना करत नाहीत.

"गायके, त्या मॅडमचं प्रोबेशन कधी संपतंय?"

"या महिन्याअखेर."

"मग नाय करायचं पुढं. पुण्याचा तो डिझाइनवाला मागं लागलाय, त्याला देऊन टाकू सगळं. तुम्हीच म्हणले व्हते ना, हात मंद हाय म्हणून?"

म्हणालो होतो. दोन महिन्यांपूर्वी, शॉपच्या दारात चहाचा कप हातात धरून. साहेबांनी सहज विचारलं होतं, नवीन मॅडम कशा आहेत, आणि मी तितक्याच सहज म्हणालो होतो, "काम स्वच्छ आहे, पण हात जरा मंद आहे." ते वाक्य बोलण्याआधी मी तिच्या टेबलापर्यंत चालत गेलो नव्हतो. माझ्या केबिनच्या काचेतून ती दिसायची. माऊसवर हात ठेवून स्क्रीनकडे बघत बसलेली. मला वाटायचं, विचार करतेय. ती वाट बघत असायची.

"साहेब, पुढच्या आठवड्यातली मीटिंग होऊ द्या. मग ठरवा."

"मीटिंग व्हईल हो. फिरंल का ते?"

"फिरवतो."

हे मी कशाच्या जोरावर म्हणालो, मला माहीत नव्हतं. पण बाहेर आलो तेव्हा एवढं नक्की ठरलं होतं की माझ्या एका वाक्यावर कुणाची नोकरी जाणार असेल, तर आधी ते वाक्य खरं आहे का बघायचं.

प्रज्ञाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो. तिने वळून पाहिलं नाही.

"मला कळलंय, सर," ती म्हणाली.

"काय कळलंय?"

"साहेबांच्या केबिनला पण काच आहे. तिकडून इकडं दिसतं, तसं इकडून तिकडं पण दिसतं."

तिनेच पुढे बोलायला सुरुवात केली. मुलगा झाल्यावर तिने काही वर्षं काम सोडलं होतं. बजाजनगरला राहते, नवरा शिफ्टला जातो, मुलगा शाळेत जायला लागल्यावर ती परत कामावर आली. "वाटलं, मधल्या गॅपमुळं मीच सगळं विसरले. घरी व्हिडिओ बघून शॉर्टकट पाठ केले परत. पण मॉडेल वळेपर्यंत मी काय बघायला निघाले होते तेच विसरायला होतं."

"उठा जरा. मला बसू द्या."

मी तिच्या जागेवर बसलो, माऊस हातात घेतला, तेच मॉडेल फिरवलं. अर्धं वळलं, थांबलं, उडी मारली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. माझा या धंद्यात जन्म गेलाय. माझाही हात मंद निघाला.

आता लॅपटॉपबद्दल दोन शब्द. असल्या लॅपटॉपमध्ये चित्र काढणारी यंत्रणा दोन प्रकारची असते. एक प्रोसेसरच्या आतच असते. ती ई-मेल, एक्सेल, व्हिडिओ असली रोजची कामं करते आणि वीज कमी खाते. दुसरं असतं वेगळं ग्राफिक्स कार्ड. ते ताकदवान असतं, पण त्याला वीज जास्त लागते. घरी मोटरसायकल आणि ट्रॅक्टर दोन्ही असावेत तसं. दूध आणायला कुणी ट्रॅक्टर काढत नाही, आणि नांगर कुणी मोटरसायकलला जोडत नाही. कुठलं काम कुणाला द्यायचं हे लॅपटॉप स्वतः ठरवतो. हा लॅपटॉप मीच निवडला होता, त्या वेगळ्या कार्डासाठीच. साहेबांशी भांडून मंजूर करून घेतला होता. आणि आल्यावर प्रज्ञाच्या टेबलावर ठेवून विसरून गेलो होतो.

टास्क मॅनेजर उघडला. लॅपटॉपच्या आत कोण किती राबतंय हे तिथं दिसतं. मॉडेल फिरवत ठेवलं आणि बघितलं. पहिल्या, साध्या ग्राफिक्सची रेघ छताला टेकलेली. दुसऱ्या कार्डाची रेघ जमिनीवर. शून्य. ते इतके महिने नुसतं बसून होतं.

"सर, म्हणजे नांगर मोटरसायकललाच जोडलाय," मी ट्रॅक्टरचं उदाहरण सांगितल्यावर प्रज्ञा म्हणाली.

ज्यांच्याकडून लॅपटॉप घेतला त्या छावणी भागातल्या दुकानदार अस्लमभाईंना फोन लावला.

"अरे गायकेसाब, माल एकदम टॉप दिया है मैंने आपको. ड्रायवर अपडेट मारो, रिस्टार्ट मारो, हो जाता."

"मारलं दोन्ही. नाही होत."

"तो फिर एक बार और मारो ना."

फोन ठेवला आणि आम्ही दोघांनीच मनावर घेतलं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये एक यादी असते. तिच्यात आपलं सॉफ्टवेअर टाकायचं आणि त्याच्यापुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडायचं, म्हणजे ते मोठ्या कार्डावर चालतं. मी डेस्कटॉपवरच्या चिन्हावरून सॉफ्टवेअर शोधलं, यादीत टाकलं, सेव्ह केलं. मॉडेल उघडलं. शून्य.

कार्डाच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तेच केलं. शून्य.

सॉफ्टवेअरच्या आतही एक खूण असते. ती लागलेली असली तर सॉफ्टवेअर कुठलंच कार्ड वापरत नाही, सगळा भार प्रोसेसरवर टाकतं. ती लागलेलीच होती, आणि काढायला गेलो तर निघेना, फिकट पडलेली. कार्डाचा ड्रायव्हर त्या सॉफ्टवेअरला मान्य नसला की असं होतं. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि बाकी यंत्रणा यांच्यातला दुभाषी. सर्वात नवा ड्रायव्हर चांगला असं आपण धरून चालतो, पण डिझाइनच्या सॉफ्टवेअरची स्वतःची तपासलेल्या ड्रायव्हरची यादी असते. अस्लमभाईंना फोन लावायच्या आधी आम्हीच नवा टाकला होता, तेव्हापासून ती खूण लागली होती. तो काढला, यादीतला टाकला. खूण निघाली. तरीही कार्ड शून्यावर.

प्रज्ञा टास्क मॅनेजरकडे बघत होती. "सर, इथं नाव वेगळंय."

खरंच वेगळं होतं. डेस्कटॉपवरचं चिन्ह नुसतं दार उघडायचं काम करत होतं. दार उघडून, लायसन्स तपासून ते बाजूला व्हायचं आणि खरं सॉफ्टवेअर दुसऱ्याच नावाने मागून यायचं. आम्ही वॉचमनला ट्रॅक्टरवर बसवलं होतं. तिने ती दुसरी फाइल शोधली, यादीत टाकली, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं.

मॉडेल गर्रकन फिरलं. तिने सवयीने माऊस जोरात ओढला होता, त्यामुळे फिक्स्चर दोन गिरक्या घेऊन उलटंच झालं. दुसऱ्या कार्डाची रेघ जमिनीवरून उठून वर चढली.

"अय्यो!" प्रज्ञा खुर्चीतून उठलीच. "सर, हे असं असतं व्हय?"

मी जेवणाची सुटी होईपर्यंत वाट बघितली आणि साहेबांना हाताला धरून घेऊन आलो. म्हटलं, बघाच आता. प्रज्ञाने मॉडेल फिरवलं. अर्धं वळलं. थांबलं.

साहेब शांतपणे उभे राहिले. मॉडेलने उडी मारली.

"फिरलं की," साहेब म्हणाले. "माझं डोकं." आणि गेले.

रेघा पाहिल्या. काम मोठ्या कार्डाकडेच होतं, पण त्याच्यात जीव नव्हता. ट्रॅक्टर होता, डिझेल नसल्यासारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गर्रकन फिरलं. जेवणानंतर परत बसलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. मी गरम होतंय म्हणून लॅपटॉपखाली लाकडी ठोकळे दिले, पंखा जवळ ओढला, ड्रायव्हर परत टाकला. सकाळी चालायचं, दुपारी बसायचं. तिवारींची मीटिंग उद्यावर आली होती, आणि ती दुपारची होती.

"सर," प्रज्ञा म्हणाली, "मला एक कळंना. चार्जर लावलेला आहे, तरी बॅटरी उतरतीय. सकाळी फुल्ल असती. आता बघा, तळाला गेलीय."

मी टेबलाखाली वाकलो.

बोर्डात लावलेला चार्जर मी उचलला. हात भाजेल इतका तापला होता. एका मुठीत मावणारा, पांढरा, बारीक वायरचा. आमच्या ऑफिसात सगळ्या टेबलांवर असतात तसा कॉमन चार्जर. मीच आणलेले. साध्या लॅपटॉपला पुरतात. या लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर विटेएवढा होता.

आणि ती वीट माझ्या कपाटात होती.

आमच्याकडे नवी वस्तू आली की ओरिजिनल कपाटात जाते. हा नियम माझा. पूर्वी एक चार्जर हरवला होता आणि साहेबांसमोर उत्तर देताना मला घाम फुटला होता, तेव्हापासूनचा. पण खरं सांगायचं तर तो नियम मी घरूनच आणलाय. आमच्या घरी चांगले कप काचेच्या शोकेसमध्ये असतात आणि चहा कानतुटक्या कपातून. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. वस्तू जपायची म्हणजे ती वापरायची नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं आहे. शिवाय त्या चार्जरची पिन जाडी, एसीला असते तशी. टेबलाच्या बोर्डात बसत नव्हती. मला ते निमित्त पुरलं.

त्याहून वाईट एक गोष्ट मला तिथं वाकलेल्या अवस्थेत आठवली. पहिल्याच आठवड्यात प्रज्ञा माझ्याकडे आली होती. "सर, चालू करताना रोज एक मेसेज येतो, चार्जरबद्दल." मी मान वर न करता म्हणालो होतो, "एंटर दाबा, जातो तो." ती रोज सकाळी एंटर दाबत होती. मी सांगितलं म्हणून.

लॅपटॉपचं सगळं गणित आता उघड होतं. मोठं कार्ड कामाला लागलं की छोट्या चार्जरची वीज पुरायची नाही. कमी पडेल तेवढी बॅटरीतून जायची. दुपारपर्यंत बॅटरी संपत आली की लॅपटॉप स्वतःला वाचवायला कार्डाचा गळा आवळायचा.

कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. मी एकटाच जाऊन चार्जर आणू शकत होतो. "अस्लमभाईंनी पाठवला," असं म्हटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि टेबलाखालून उठेपर्यंत टिकला. उठल्यावर तिचा चेहरा समोर होता.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणालो.

तिच्यासमोर कपाट उघडलं. खोका काढला. चार्जरच्या वायरला कारखान्यात बांधलेली तार अजून तशीच होती.

ती खोक्याकडे बघत राहिली. "हा आपल्याकडंच होता?"

"हो. माझ्याकडंच."

"मी रात्री पोराला झोपवून व्हिडिओ बघत होते, सर." ती एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पिन बसत नव्हती म्हणून..." मी सुरुवात केली.

तिने विटेच्या टोकाची जाड पिनेची वायर उपसून काढली. ती वेगळी निघते हे मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तिने जुन्या, बंद पडलेल्या मॉनिटरची वायर ओढून घेतली आणि विटेत खोचली. बसली. टेबलाशी येऊन दुसरं टोक बोर्डात खोचलं. तेही बसलं.

"बसती की," ती म्हणाली.

संध्याकाळी मी काकडे साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. मीटिंग चांगली झाल्यावर सांगणं सोपं होतं, म्हणूनच आधी गेलो. कपाट, चार्जर, एंटर दाबा, सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला.

"मग हात मंद कुणाचा व्हता, गायके?"

"माझा."

"बरं." चष्मा परत चढला. "उद्या फिरू द्या. मग बोलू. पुणेवाल्याला मी अजून नाय म्हणलेलं नाय."

दुसऱ्या दिवशी तिवारी आले ते मोबाईल हातात घेऊनच. उन्हातून आल्यामुळे आधी गार पाणी मागितलं, मग घड्याळ पाहिलं. टेबलाखाली वीट घुं घुं करत होती. प्रज्ञाने मॉडेल उघडलं.

"पिछली बार क्लॅम्प के नीचे अटके थे," तिवारी म्हणाले. आवाजात टोमणा होता.

"हो सर." मॉडेल वळलं. न थांबता, हाताबरोबर. तिने ते खालून दाखवलं, बाजूने दाखवलं, मग क्लॅम्प उघडून वेल्डिंगची गन आत सरकवत नेली. तिवारींनी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

आणि मग तीच थांबली.

"काय झालं?" काकडे साहेबांनी विचारलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं. परत बसला की काय?

लॅपटॉप बसला नव्हता. ती मॉडेल किंचित मागे-पुढे करत होती. "सर, इथं बघा. क्लॅम्प उघडा असताना हँडल गनला घासतंय. थांबलेल्या चित्रात दिसत नाही, फिरताना दिसतं."

घासत होतं. ते डिझाइन मी तपासलेलं होतं. त्या अडखळणाऱ्या स्क्रीनवर, दोनदा. हे असंच शॉपवर गेलं असतं तर लोखंड कापून झाल्यावर कळलं असतं.

काकडे साहेबांचा जबडा आवळलेला. ग्राहकासमोर स्वतःची चूक दाखवणं आमच्या धंद्यात चालत नाही. मला वाटलं, संपलं.

प्रज्ञाने कुणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. क्लॅम्प उचलला, आरशात दिसतो तसा उलटा करून पलीकडच्या बाजूला बसवला, ब्रॅकेटची भोकं सरकवली, गन परत आत नेली. सगळीकडून फिरवून पाहिलं. कुठं घासत नव्हतं. तिवारींचा चहा गार व्हायच्या आत झालं.

"ये पिछली बार क्यों नहीं किया, मॅडम?" तिवारींनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. पण ती आधी बोलली.

"पिछली बार लॅपटॉप भूखा था, सर."

तिवारी हसले. त्यांना सगळं कळलं नाही, पण पुरेसं कळलं. "ठीक है. अब खिला-पिला के रखिए," म्हणाले आणि ड्रॉइंगवर सही केली.

ते गेल्यावर काकडे साहेब दारात थांबले. "मॅडम, महिनाअखेरीला ऑफिसातून लेटर घेऊन जा. कन्फर्मेशनचं." मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. "गायके, त्या कपाटाची किल्ली."

कपाटात आणखी तीन विटा निघाल्या. शिवाय खोक्यातले माऊस, एक की-बोर्ड, मॉनिटर उंच करायचा स्टँड. सगळं प्लॅस्टिकसकट. ते सगळं टेबलांवर गेलं. कपाट आता ड्रॉइंगच्या गुंडाळ्या ठेवायला वापरतात आणि त्याला कुलूप नाही.

मी प्रज्ञाची माफी मागितली. नीट, खुर्चीवर बसून, तिच्या टेबलाशी. तिने ऐकून घेतली.

"माफीचं राहू द्या, सर," ती म्हणाली. "पुढच्या वेळेला मेसेज आला की एंटरच्या आधी वाचायचा. तुम्ही पण."

त्या लॅपटॉपवर सकाळी मेसेज येत नाही आता. तिला मात्र अजून अधूनमधून मॉडेल गरजेपेक्षा एक गिरकी जास्त फिरवताना मी काचेतून बघतो.

कुणाचं काम मागं पडलं की हल्ली मी चहाच्या कपाबरोबर मत देत नाही. त्याच्या टेबलापर्यंत जातो आणि आधी खाली वाकून बघतो. गुडघे दुखतात. पण बोललेलं वाक्य परत घेण्यापेक्षा ते दुखणं परवडतं.